पुरीमची परात

मित्रांनो, स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त मार कोण खातं, ठाऊक आहे? आम्ही पराती. रोज सकाळी पोटात कणीक पडते, तिच्यावर मुठी बसतात आणि त्यातल्या निम्म्या आम्हाला लागतात. मी तर पितळेची, चांगली जुनी, जाड काठाची परात. कासाराने ठोकून ठोकूनच मला गोल केली, त्यामुळे मार खायची सवय जन्मापासूनची. माझ्या तळावर 'मि. शा. आपटेकर' अशी अक्षरं कोरलेली आहेत. मि. म्हणजे मिल्काबाई. त्यांच्या आईने मला लग्नात आंदण म्हणून दिली आणि त्यांच्याबरोबर मीही पनवेलला सासरी आले.

आपटेकरांचं घर ज्यूंचं. या बेने इस्राएल लोकांचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला कधी लागले, हे त्यांनाही नक्की सांगता येत नाही. इथे त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या वारी, ते बंद ठेवले, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागलं. घरात बोलणं मराठी, जेवणात भात, मासळी आणि नारळ. फक्त प्रार्थना तेवढी हिब्रूत. मी पितळेची असल्यामुळे मला काय कळणार, असं समजू नका. वर्षानुवर्षं ओट्यावर पडून राहिलं की सगळं कानावर येतं.

होळीच्या आसपास यांचा पुरीम येतो. फार पूर्वी इराणच्या राजाचा हामान नावाचा प्रधान सगळ्या ज्यूंच्या जिवावर उठला होता. एस्तेर राणीने स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यांना वाचवलं. ही गोष्ट एका लांबलचक गुंडाळीवर हाताने लिहिलेली असते. तिला म्हणतात मगिल्ला. पुरीमच्या संध्याकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, ती मोठ्याने वाचतात आणि हामानचं नाव आलं की लहानथोर सगळे दाणदाण पाय आपटतात. मग दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या घरी खायला पाठवायचं, निदान दोन तऱ्हेचे पदार्थ, आणि तेही दुसऱ्या कोणाच्या हातून.

बाकीच्या बायका चार करंज्या आणि गव्हाच्या चिकाच्या हलव्याच्या वड्या रुमालाखाली झाकून पाठवत. मिल्काबाईंचं तेवढ्याने भागत नसे. गणपतीपुढे लोक देखावा करतात ना, तसा त्यांना दर वर्षी परातीत खाण्याचा देखावा लागे. एका वर्षी त्यांनी मिठागर केलं. नारळाच्या वड्यांचे चौकोनी वाफे आणि मधे मधे पिठीसाखरेचे ढीग. एका वर्षी तेलाचा घाणा केला, त्याला चिक्कीचा दांडा आणि तिळाच्या लाडवांचा बैल. बैलाला शिंगं बसेनात म्हणून मिल्काबाई इतक्या चिडल्या, की शेवटी तो बैल बोडकाच गेला. पनवेलचे लोक बोडक्या बैलाची गोष्ट पुढे कितीतरी दिवस सांगत होते. पुरीमच्या आधी मिल्काबाई मला चिंचेने घासून घेत, कल्हई करवून आणत आणि वरून क्रोशाचा रुमाल घालत. मग मी काय साधी परात राहत होते? मला वाटे, आळीतले लोक राणीलाच बघायला उभे आहेत.

मला डोक्यावर घेऊन घरोघर नेण्याचं काम गुणाबाईंचं. गुणाबाई करंजा बंदरावरच्या कोळीण. सकाळी मासळी विकून झाली, की हात साबणाने तीनतीनदा धुऊन त्या मला उचलत. दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत त्यांच्याकडेही होतीच. पहिल्या वर्षी मिल्काबाईंनी त्यांच्या घरासाठीही एक वाटा दिला, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सुक्या सोड्यांनी शिगोशीग भरून आणली. आता खवले नसलेलं समुद्रातलं काही ज्यूंना चालत नाही, आणि सोडे म्हणजे तर वाळवलेली कोळंबी. मिल्काबाई गोड हसल्या, सोडे उतरवून घेतले आणि गुणाबाईंची पाठ वळताच शेजारच्या वसुंधराताईंच्या ओटीत टाकले. वसुंधराताईंचा तो पुरीम फारच चांगला गेला. मला मात्र त्या वासातून सुटायला आठ दिवस लागले.

सगळ्यात मोठा देखावा जायचा तो समोरच्या घरी. मधे एक विहीर, तिच्या पलीकडे पेझारकरांचं दार. सिगुल्लाबाई पेझारकर या मिल्काबाईंच्या लहानपणच्या मैत्रीण. दोघी एकमेकींना 'मिल्के', 'सिगुल्ले' अशाच हाका मारत. सिगुल्लाबाईंचे यजमान बेंजामिनभाऊ एसटीत कंट्रोलर होते, पण त्यांचा खरा मान सिनेगॉगमध्ये. दर पुरीमला मगिल्ला वाचायची ती त्यांनीच. आवाज खणखणीत, एकेक शब्द सुटा. कोणी वाचताना चुकलं, तर जागच्या जागी दुरुस्त करायचे. दोन वर्षं मात्र त्यांचं वाचन लांबत चाललं होतं. ओळीवरून बोट फिरवत ते सावकाश वाचत, आणि घरी भात गार होतो म्हणून बायका कुजबुजत.

मित्रांनो, मिल्काबाईंना थट्टेची भारी हौस. पुरीम म्हणजे थट्टेचाच सण, त्या दिवशी कोणी मनाला लावून घेत नाही. त्या वर्षी त्यांनी पुरणपोळ्यांची एक लांबच लांब गुंडाळी केली. ती उलगडता उलगडता माझ्या काठाबाहेर जाई. तिच्यासमोर करंज्यांच्या बायका बसवल्या, सगळ्या माना टाकून झोपलेल्या, मिटलेल्या डोळ्यांच्या जागी वेलदोड्याचे दाणे. एकीच्या तोंडातून तर शेवेची लाळ गळत होती. ती सिगुल्लाबाई, असं मिल्काबाई स्वतःशीच म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसतानाच झारा निसटला आणि तळणीचं तेल पायावर उडालं. त्यामुळे त्या संध्याकाळी त्या सिनेगॉगला गेल्याच नाहीत.

आणि नेमकं त्या संध्याकाळी बेंजामिनभाऊ निम्म्यात थांबले. ओळ सापडेना. बोट पुढे गेलं, मागे आलं. शेवटी 'घसा बसला' असं म्हणून त्यांनी मगिल्ला दुसऱ्याच्या हातात दिली आणि जागेवर जाऊन बसले. हे मिल्काबाईंना कोणी सांगायच्या आधीच सकाळी गुणाबाई मला घेऊन पेझारकरांच्या दारात उभ्या राहिल्या.

सिगुल्लाबाईंनी रुमाल उचलला. ती गुंडाळी बघितली, पेंगणाऱ्या बायका बघितल्या, आणि रुमाल जसाच्या तसा टाकला. "ने परत," एवढंच म्हणाल्या.

मी जशी गेले तशी आले. एक करंजीसुद्धा उचललेली नाही, बदल्यात साखरेचा दाणा नाही. परातीच्या जन्मात यापेक्षा मोठा अपमान नाही, हे माझं शांतपणे केलेलं विधान समजा. रिकामी आले असते तरी चाललं असतं. त्याच पदार्थांनी भरलेली आले, म्हणजे पाठवणाऱ्याच्या तोंडावर दार लावलं.

दुपारपर्यंत मिल्काबाईंना सगळं कळलं. पण कळलं ते एवढंच, की घसा बसला होता. त्याही घुश्शात म्हणाल्या, "घसा बसला तर बसला. पुरीमच्या थट्टेवर एवढं रागवायचं? मी का जाऊ समजूत काढायला?" झालं, दोन्ही दारांनी हट्ट धरला. विहिरीवर एक आली की दुसरी बादली अर्धी टाकून घरात जाई. त्याच सुमाराला मिल्काबाईंनी एक स्टीलची परात घेतली आणि मला माळ्यावर टाकलं. पुरीमला पुढे इतर घरी साध्या ताटल्या जाऊ लागल्या, देखावे बंद. मी माळ्यावर जुन्या सतरंजीखाली हिरवी पडत गेले. खाली ती स्टीलची बया टणटण वाजायची. तिला ना वजन, ना आवाजाला गोडी. पण ते जाऊ दे.

वर्षं गेली. पनवेल वाढत होतं, पण आमची आळी रिकामी होत होती. एकेक ज्यू कुटुंब सामान बांधून इस्राएलला निघून गेलं. कोणी अश्दोदला, कोणी लोदला, कोणी वाळवंटातल्या दिमोनाला. मिल्काबाईंचे यजमान शालोमभाऊ वारले, लेक लग्न होऊन तिकडेच गेली. आळीतलं शेवटचं तिसरं घर बंद झालं आणि ज्यूंची दोनच दारं राहिली, विहिरीच्या अलीकडचं आणि पलीकडचं. पुरीम जवळ आला आणि मिल्काबाईंना प्रश्न पडला, की यंदा पाठवायचं कोणाला? आपल्या माणसाकडे एक तरी वाटा गेला पाहिजे, त्याशिवाय सण झाला असं म्हणता येत नाही.

गुणाबाई उंबऱ्यावर बसून पापलेट साफ करत होत्या. त्या म्हणाल्या, "बाय, नवीन पनवेलला हायत ना तुमची मानसं? मी देते नेऊन. रिक्षानं जाते."

"तेच करावं लागेल," मिल्काबाई म्हणाल्या. "समोर पाठवून पुन्हा तसंच परत आलं, तर मला नाही सोसायचं गुणाबाई. आता वय नाही माझं."

गुणाबाईंनी सुरी खाली ठेवली. "एक सांगू? तुमी रागवू नका. समोरच्या काकांना आता काय दिसत नाय. मी गेले का वासावरनं वळखतात, म्हनतात, आज रावस हाय वाटतं. लय वर्सं झाली, हलूहलू गेले डोले. काकी कोनाला बोलत नाय. काकांनी शपथ घातलेली."

"किती वर्षं?"

"तुमचा भांडान झाला ना, त्याच्या पन आदीपासून दिसना झालेला."

मी माळ्यावर सतरंजीच्या फटीतून बघत होते. मिल्काबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. मग खुर्ची ओढली. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या खुर्चीवर चढल्या आणि गुणाबाई खालून ओरडत असतानाच त्यांनी सतरंजी बाजूला करून मला खाली काढलं.

कल्हईवाला आता वर्षातून एखाद्या वेळीच आळीत फिरकतो. त्या आठवड्यात तो आला, हे माझं नशीब. चिंच, राख आणि मिल्काबाईंचे हात यांनी मला पुन्हा परात केलं.

मग त्या करायला बसल्या. मित्रांनो, मी त्यांचे कितीतरी देखावे पोटात वागवले, पण असा कधी नाही. यात रंग नव्हता. लाल हलवा नाही, हिरवे पिस्ते नाहीत. त्या डोळे मिटून प्रत्येक पदार्थ चाचपून बघत. बोटाला कळला तर ठेवत, नाही कळला तर बाजूला. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून त्यांनी उजव्या हाताकडून सुरुवात केली आणि माझ्यात सगळी मगिल्ला तीन ओळींत मांडली. पहिल्या ओळीत राजाची मेजवानी. बिया काढलेल्या खजुराचे प्याले आणि इवल्याशा पुऱ्यांच्या थाळ्या. पुढे एस्तेरचा मुकुट, कातणाने कडा कापलेल्या करंज्यांचा, जायफळ घातलेला. दुसऱ्या ओळीत हामान. त्याचे दोन कान मैद्याचे, कडक तळलेले, त्यांना सुंठ-मिरीचा ठसका. मग खऱ्या नायकाला, एस्तेरला वाढवणाऱ्या मर्दखयाला, राजाने घोड्यावर बसवून मिरवलं होतं, तो गूळपोळीच्या पिठाचा घोडा, शेवेच्या आयाळीचा. तिसऱ्या ओळीत हामानला ज्यावर लटकवलं तो चिक्कीचा फाशीचा खांब आणि शेवटी त्याच्यासारखेच मारले गेलेले त्याचे मुलगे, तिळाचे छोटे लाडू, एकाला एक चिकटून. त्या मुलांची नावं एका दमात वाचायची असतात.

एवढं करून त्यांनी हात जोडले आणि मला रुमाल घातला. "बघ बाई," त्या माझ्याशीच बोलल्या, "भरलेली परत येऊ नकोस."

मी काय वचन देणार? माझे काठ गार पडले होते.

गुणाबाईंनी मला नेलं. दार सिगुल्लाबाईंनी उघडलं. केस सगळे पांढरे झाले होते. मला बघताच त्यांनी ओळखलं आणि चेहरा घट्ट केला. रुमाल उचलायलाही हात पुढे आला नाही. "गुणाबाई, ही परत ने."

"मी काय नेनार नाय," गुणाबाई म्हणाल्या. "येताना मान मोडली माजी. तुमाला नको तं तुमी नेऊन द्या." आणि त्यांनी मला सरळ आत जाऊन टेबलावर ठेवलं. रुमाल ओढून खांद्यावर टाकला.

आतून आवाज आला, "सिगुल्ला, जायफळ कुठे किसतेस?"

"काही नाही. तुम्ही बसा."

पण बेंजामिनभाऊ भिंतीला हात लावत येत होते. सिगुल्लाबाई माझ्या आणि त्यांच्या मधे उभ्या राहिल्या. त्यांची मान ताठ होती. पुन्हा थट्टा असेल तर या माणसाला ती सोसायची नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी वळून माझ्याकडे नीट बघितलं. खजुराचे प्याले बघितले, मुकुट बघितला, कान बघितले. मग त्या हळूच बाजूला झाल्या.

बेंजामिनभाऊंचा हात माझ्या उजव्या काठावर आला. बोट पुढे सरकलं. "प्याले," ते म्हणाले. "थाळ्या... हे काय, मेजवानी आहे?" बोट थांबलं. मग त्यांनी श्वास घेतला आणि हिब्रूत सुरू केलं.

मित्रांनो, त्यांना मगिल्ला तोंडपाठ होती. डोळे गेल्यावर ते घरी म्हणू शकले असते. पण ती पाठ म्हटलेली चालत नाही, समोरचं वाचावी लागते, असा त्यांच्याकडचा नियम. नियमाच्या बाबतीत हा माणूस स्वतःलाही सोडत नसे. म्हणून इतकी वर्षं पुरीमला ते घशाचंच निमित्त सांगून मागच्या बाकावर गप्प बसत होते. खाण्याच्या पदार्थांवरून वाचलेलं नियमात बसतं का, ते मला विचारू नका. मी परात आहे. त्यांच्या बोटांखाली काहीतरी होतं आणि ते वाचत होते, एवढंच मी सांगेन.

आवाज आधी गंजलेला होता. मुकुटापाशी सुटला. हामानचं नाव आलं तेव्हा गुणाबाईंनी उंबऱ्यावर असा पाय आपटला, की कोपऱ्यातली बादली हलली. एवढ्या वर्षांत सबंध हिब्रूतला तेवढा एकच शब्द त्यांना येत होता. सिगुल्लाबाई खुर्चीत बसून तोंडाला पदर लावून रडत होत्या. घोडा गेला, खांब गेला. बेंजामिनभाऊंनी छाती भरून घेतली आणि मुलांची नावं सुरू केली. एका नावाला एक लाडू, बोट भराभर चाललं, आणि अडलं.

"एक कमी आहे."

"अहो, असू दे," सिगुल्लाबाई म्हणाल्या.

"असू दे कसं? दहा मुलगे आहेत. इथे नऊच आहेत. पुरे केल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

सिगुल्लाबाई उठल्या, दारात गेल्या. मिल्काबाई विहिरीच्या काठाला धरून उभ्या होत्या. किती वेळ ऐकत होत्या, कोण जाणे.

"मिल्के," सिगुल्लाबाईंनी हाक मारली. इतक्या वर्षांनी ती हाक आळीत ऐकू आली. "दहावा कुठे गेला?"

"फुटला गं. फुटका कसा पाठवू? मी खाल्ला."

"आता ये आणि तूच निस्तर. आमचं वाचन अडलंय."

मिल्काबाई आल्या. उंबऱ्यात क्षणभर थांबल्या, मग टेबलाशी येऊन त्यांनी नवव्या लाडवाच्या पुढे, रिकाम्या जागेवर, माझ्या पितळेवर आपली मूठ ठेवली. त्या मुठीला मी ओळखते. पण इतकी हलकी ती कधी पडली नव्हती.

बेंजामिनभाऊंनी पुन्हा पहिल्या लाडवापासून दम धरला. शेवटच्या नावाला त्यांचं बोट त्या मुठीवर येऊन टेकलं आणि थांबलं.

"हा कोण?"

"मी आहे बेंजामिनभाऊ. मिल्का. मला डोळ्यांचं माहीत नव्हतं हो."

"मी कळू दिलं नाही, तर तुला कसं कळणार?" ते म्हणाले. त्यांनी ती मूठ आपल्या तळव्याखाली घट्ट धरली. "आणि तू काय, हामानचा दहावा मुलगा?"

"आहे तर आहे. तुम्ही वाचा पुढे."

त्यांनी हात उचलला नाही. तसाच ठेवून शेवटपर्यंत वाचलं.

मित्रांनो, आता तुम्ही म्हणाल, या म्हातारीचं मागणं काय? मला चिंचेने घासा, ओली ठेवू नका, कल्हई उडाली तर आंबट घालू नका, हे तर आहेच. पण पराती खऱ्या खराब होतात त्या माळ्यावर. तुमच्या घरी असेल अशी एखादी, तर तिला खाली काढा. तिच्यात दोन पदार्थ ठेवा, आणि ज्या दारात जायला तुमचा पाय उचलत नाही, त्या दारात ती आधी पाठवा.